सोर्पोतेल, नेवऱ्या आणि यरुशलेमची चिठ्ठी

प्रश्न: आमच्या शेजारी फेस्ताला (चर्चच्या सणाला) सोर्पोतेल करतात, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, जुन्या पद्धतीचं, डुकराचं रक्त घालून. मध्यंतरी मराठी बायबल हातात आलं, त्यात 'प्रेषितांची कृत्ये' मध्ये रक्त खाऊ नका असं सरळ लिहिलेलं दिसलं. मग हे कसं चालतं? शेजाऱ्यांना विचारायला जीभ उचलत नाही.
— एक वाचक, फोंडा

उत्तर: नाही विचारलंत ते बरं केलंत, निदान ताट समोर असताना तरी नको 😄 तुम्ही वाचलंत तो 15 वा अध्याय. साधारण इसवी सन 49-50 च्या आसपासची गोष्ट, तेव्हा येशूला मानणारे बहुतेक सगळे ज्यू, आणि अंत्युखियात (म्हणजे अँटिओक) ग्रीक वगैरे बिगर-ज्यू लोक भराभर येऊ लागले, तर काही जण म्हणाले यांची आधी सुंता करा, मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायला लावा, नाहीतर तारण नाही. यावरून भांडण पेटलं आणि यरुशलेमला (म्हणजे जेरुसलेम) बैठक बसली. येशूचा शिष्य पेत्र बोलला, बिगर-ज्यूंत प्रचार करणारे पौल-बर्णबा बोलले, शेवटी यरुशलेमच्या मंडळींचा पुढारी याकोब याने तोडगा काढला की सुंता नको, फक्त चार गोष्टी टाळा: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेला प्राणी, आणि जारकर्म. ते पत्रात लिहून यहूदा आणि सीला या दोघांच्या हाती पाठवलं.

आता चारपैकी तीन गोष्टी स्वयंपाकघरातल्याच का, तर मला वाटतं खरी अडचण पंगतीची होती. ज्यू माणूस रक्त असलेलं खाणार नाही, आणि बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 17-18 अध्यायांत रक्ताचा आणि नात्यागोत्यातल्या शरीरसंबंधांचा नियम ज्यूंबरोबर राहणाऱ्या परक्यालाही लावलेला आहे, तिथे तर शिकाऱ्याने रक्त जमिनीवर ओतून वर माती टाकावी इथपर्यंत लिहिलंय. याकोबाची यादी बहुधा तिथूनच आली असं बरेच अभ्यासक म्हणतात. एका ताटाला बसायचं तर एवढं तरी सांभाळा, असा तो हिशोब. आणि पंगतीवरून भांडणं होतच होती, अंत्युखियात खुद्द पेत्र बिगर-ज्यूंबरोबर जेवत होता, याकोबाकडची माणसं आल्यावर हळूच बाजूला झाला, आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, गलतीकरांना धाडलेल्या पत्रात पौलाने स्वतःच लिहून ठेवलंय (आपल्याकडच्या लग्नात असं झालं तर दोन पिढ्या बोलणं बंद).

रक्ताचा नियम लोकांनी बरीच वर्षं खरंच पाळला. 177 साली फ्रान्समधल्या लिऑनला ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, ते लहान मुलं खातात असा आरोप होता, तर बिब्लिस नावाच्या बाईने उलट विचारलं की ज्यांना जनावराचं रक्तसुद्धा चालत नाही ते मुलं कशी खातील? पण पुढे चर्चमध्ये ज्यू उरले नाहीत तशी पंगतीची अडचणही उरली नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टिन तर म्हणतो की मानेवर हात मारून, रक्त न सांडता मारलेला ससा खायला आता कोण कचरतो. पूर्वेकडच्या चर्चने मात्र 692 मध्ये पुन्हा बंदी घातली, आणि पश्चिमेकडच्या, म्हणजे रोमन कॅथलिक चर्चने 1442 ला फ्लोरेन्सच्या परिषदेत सांगून टाकलं की तो नियम त्या काळापुरता होता. पोर्तुगीज गोव्यात आले 1510 ला, म्हणजे सोर्पोतेलचा रस्ता 68 वर्षं आधीच मोकळा झालेला. जारकर्माचा नियम मात्र कोणी काढला नाही, कारण तो पंगतीपुरता नव्हताच.

प्रश्न: चवथीला शेजारच्या ख्रिस्ती घरात नेवऱ्या (करंज्या) देतो, नाताळला त्यांच्याकडून कुस्वार (नाताळचा फराळ) येतो. यंदा त्यांच्या सुनेने विचारलं, या देवापुढे ठेवलेल्या का? मला काय बोलावं सुचेना.
— एक वाचिका, म्हापसा

उत्तर: तिने उगाच नाही विचारलं, वरच्या यादीतली पहिलीच गोष्ट मूर्तीला वाहिलेलं अन्न. पण पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो, बाजारात मिळतं ते मांस खा, चौकशी करू नका, कोणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते खा, पण कोणी सांगितलंच की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. आणि देवळातल्या पंगतीत बसायला तो नकोच म्हणतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात तर वाहिलेलं खाणाऱ्यांना अजूनच कडक शब्द आहेत. तेव्हा काही घरं बिनधास्त खातात, काही नाही खात, दोघांकडे आधार आहे.

तुम्ही खरं ते सांगा. नैवेद्याच्या पानावर पाच नेवऱ्या असतात, बाकीच्या डब्यात, आमच्याकडे तरी तसंच. पुढच्या वर्षी तिच्यासाठी डब्यातल्या काढा आणि देतानाच सांगून टाका, या पानावरच्या नव्हेत.