अंबाबाईच्या सांजआरतीला पहिल्यांदा जाताना

कोल्हापूरला पहिल्यांदाच निघाला आहेस, तर एवढं ऐक. आरतीच्या वेळेवर पोचू नकोस, तासभर आधी जा आणि महाद्वारातून आत शिर. देवी पश्चिमाभिमुख आहे, मावळतीचं ऊन त्याच बाजूनं येतं. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव असतो. आकाश निरभ्र असेल तर किरणं पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात. ढग आला की संपलं! मी दोनदा हात हलवत परत आलोय. शिवाय तेव्हा गर्दी मरणाची, म्हणून पहिली खेप साध्या दिवशीच कर.

रांग लांब असेल तर मुखदर्शन घे, म्हणजे लांबूनच देवीचं मुख बघ, त्यात कमीपणा काही नाही. मोबाईल खिशातच राहू दे.

आरती सुरू झाली की शब्द येत नसले तरी टाळ्या धर. झांजा आणि घंटा आपोआप ताल लावतात. निरांजनाचं ताट पुढं आलं की दोन्ही तळवे ज्योतीवरून फिरवून डोळ्यांना लाव. मागचा माणूस खोळंबलेला असतो, रेंगाळू नकोस. तीर्थ उजव्या हातावर घे, खाली डावा धर. ओला हात पँटला पुसू नकोस, डोक्यावरून फिरव.

शुक्रवार असेल तर रात्रीच्या पालखीला थांब. जेवण तोवर लांबलं तरी चालेल.