नाक, रॅम्प आणि ‘पॅकेज’: तुमचे प्रश्न

मागच्या सदरात रोसी दे पाल्मा या स्पॅनिश अभिनेत्रीबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून तिच्या नाकावरून आणि कामावरून तोच गोंधळ पत्रापत्रांतून येतोय. एकदाच उत्तरं देतो.

वाकड्या नाकामुळे तिला रातोरात काम मिळालं, असं रीलवर पाहिलं. खरं का? (पंचवटी)

नाही. मायोर्का बेटावरची ही मुलगी बँडमध्ये गायची. बँडबरोबर माद्रिदला आली आणि तिथे दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवारच्या नजरेत भरली. १९८७ च्या ‘लॉ ऑफ डिझायर’मध्ये टीव्हीवरची मुलाखतकार, एवढंच काम. चेहरा लक्षात राहतो हे कबूल, पण संवाद नाक म्हणत नाही.

रोसीने आधी काय केलं, रॅम्प की सिनेमा? (सिडको)

सिनेमा. फ्रेंच फॅशन डिझायनर ज्याँ पॉल गोतिएची लाडकी झाली ती नंतर.

दोन मिनिटांचा रोल मिळतोय. घेऊ? (सातपूर)

संहिता वाचा, मग ठरवा. १९८८ च्या ‘विमेन ऑन द व्हर्ज ऑफ अ नर्व्हस ब्रेकडाउन’मध्ये रोसी झोपेच्या गोळ्या घातलेलं टोमॅटोचं गार सूप पिते आणि बराचसा सिनेमा झोपून काढते. तरी सिनेमा संपल्यावर आठवते तीच! मानधन आणि तारखा मात्र लेखी घ्या.

मुलगी २१ वर्षांची, नाक मोठं. एक एजन्सी म्हणते, नाक नीट करा, पोर्टफोलिओसकट पॅकेज देतो, काम नक्की. काय करावं? (गंगापूर रोड)

पैसे देऊ नका. काम देणारा तुम्हाला पैसे देतो, मागत नाही. ‘काम नक्की’ म्हणणारा तर ऑडिशनच्या आधीच खोटं बोलतोय. पोर्टफोलिओ हवाच असेल तर फोटोग्राफर स्वतः निवडा. सुरुवातीला खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय काढलेले समोरून आणि बाजूने असे दोन साधे फोटो पुरतात. आणि नाक! शस्त्रक्रियेनंतरची सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं, आणि आधीचे फोटो रद्दीत. रोसीने ते नाक तसंच ठेवलं आणि २०१५ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या ज्युरीत बसली. म्हणून प्रत्येक मोठ्या नाकाला काम मिळतं असं नाही, तोही भ्रमच. श्वासाचा त्रास असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. रूपासाठीच करायचं असेल तर प्लास्टिक सर्जनला मुलीने स्वतः भेटावं, एजन्सीने सुचवलेल्या नव्हे. करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

मुंबईला कधी जावं? (नाशिकरोड)

आधी इथे उभे राहा. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र नाशिकलाच असतं, सायखेडकर नाट्यगृहात. भाग घेणाऱ्या एखाद्या संस्थेला तालमीबद्दल विचारा, आणि ‘दिवाळीनंतर बघू’ नको, याच आठवड्यात.