वडिलांची इटालियन सायकल आणि केळीचे पैसे

प्रश्न: चोपडा तालुक्यात आमची केळी आणि कपाशी आहे. वडील मुंबईला मिलमध्ये होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतताना एका पारशी साहेबांनी त्यांना दिलेली इटालियन रेसिंग सायकल त्यांनी बरोबर आणली. वडील मागच्या वर्षी गेले. सायकल गोठ्यात होती, आता बाहेर काढली आहे. रंग फिकट निळसर-हिरवा आहे, त्यामुळे बियांकी असावी असं वाटतं, पण नाव कुठेच नाही. मागच्या गिअरवर ‘काम्पान्योलो’ आणि ‘पेटंट-७६’ असं कोरलेलं आहे. पुण्याचे एक गृहस्थ आहे त्या स्थितीत ४०,००० देतो म्हणतात. एक कारागीर रंगासकट नवीकोरी करून द्यायचे ७२,००० सांगतो. इंटरनेटवर अशा सायकलींना दीड लाख किंमत दिसते. केळीचे ३,४०,००० हातात आहेत, पीककर्ज १,८०,००० आहे, घरखर्च महिन्याला २२,००० आणि मुलगी बारावीला. आई म्हणते, “तुना बापनी सायकल शे, इकू नको.” काय करू?

उत्तर: भाऊ, आज विकू नका आणि ७२,००० ही घालू नका. तुमच्याकडे नक्की काय आहे ते अजून ना तुम्हाला माहीत, ना मला. वस्तू ओळखण्याआधी तिच्यावर पैसा लावणं म्हणजे सातबारा न बघता जमिनीचा इसार देणं.

आधी पैशाचं बोलू, कारण ते सरळ आहे. ३,४०,००० मधून पीककर्जाचे १,८०,००० बाजूला काढा आणि मुदतीच्या आत भरा. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ती सवलत गेली. नुसते ७ टक्के धरले तरी वर्षाला १२,६०० रुपये होतात. राहिले १,६०,०००. त्यातले सहा महिन्यांच्या घरखर्चाचे १,३२,००० हलवायचे नाहीत. केळीवाल्या घराला ही गंगाजळी नोकरदारापेक्षा जास्त लागते. मे-जूनमधलं एक वादळ उभी बाग आडवी करतं, नाहीतर सीएमव्ही हा केळीचा विषाणूरोग येतो आणि झाडं उपटून फेकावी लागतात. विम्याचे पैसे येईपर्यंत किराणा थांबत नाही. म्हणजे मोकळे उरले २८,०००, आणि पुढच्या वर्षी मुलीचं कॉलेज आहे. यातून सायकलीसाठी मी तुम्हाला १५,००० ची मर्यादा घालून देईन, तेही टप्प्याटप्प्यानं.

पहिला टप्पा जवळजवळ फुकटात होतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सायकलीमागे पोटॅशची पोती दिसतात. सायकल तिथून आजच हलवा. पोटॅश म्हणजे शेवटी क्षारच, हवेतला ओलावा धरून तो लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो.

आता ओळख. रंगावरून बियांकी ठरत नाही. ही कंपनी १८८५ पासूनची, मिलानची, आणि तो निळसर-हिरवा रंग ‘चेलेस्ते’ म्हणून तिची खूण आहे हे खरं. पण रंगाचा डबा कोणालाही मिळतो, आणि बियांकीनं स्वस्त सायकलीही भरपूर बनवल्या. काम्पान्योलो ही सायकलीचे सुटे भाग बनवणारी इटालियन कंपनी. ‘पेटंट-७६’ वरून एवढंच कळतं की गिअर १९७६ चा आहे. सांगाडा त्याच वेळचा आहे का, हे सांगाड्यालाच विचारावं लागेल.

सायकल उलटी करा. दोन्ही पॅडलांच्या मधली जी आडवी नळी, तिला आपल्याकडे बीबी म्हणतात, ती रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढा. चाळीस वर्षांचं ग्रीस आणि माती निघाली की खाली नंबर दिसेल, त्याचा फोटो घ्या. मग व्हर्नियर लावून त्या नळीची रुंदी मोजा. ७० मिलिमीटर आली तर आटे इटालियन असण्याची दाट शक्यता; ६८ आली तर इंग्रजी. त्या नळीच्या दोन्ही टोकांना आट्यांनी बसवलेले कप असतात, त्यांच्यावर ‘३६ × २४’ कोरलेलं दिसलं तर शंकाच नको. बाहेरच्या बाजारासाठी इंग्रजी आट्यांचेही इटालियन सांगाडे बनले, म्हणून मोजल्याशिवाय काहीच उघडू नका.

हे मी एवढं ताणून सांगतो त्याला कारण आहे. आपल्या बहुतेक सायकलींत चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. इटालियन आट्यांत दोन्ही बाजूंना सुलटेच. तुमच्या गावचा मिस्त्री चाळीस वर्षांच्या सवयीनं तो कप उलट्या आट्यांचा समजून घड्याळाच्या दिशेनं फिरवेल. तो निघणार नाही, म्हणून पाना लांब करून जोर लावेल. एकदा आटे गेले की चांगल्या सांगाड्याचीही किंमत कोसळते. क्रँकचंही, म्हणजे पॅडलाच्या दांडीचंही तसंच. तिला कॉटर पिन नाही, ती हातोडीनं निघत नाही, तिला पुलर लागतो.

मागच्या चाकाचा आस सांगाड्याच्या ज्या खाचेत बसतो, तिच्यावर काम्पान्योलोचं नाव आहे का बघा. त्या दोन खाचांमधलं आतलं अंतर १२० मिलिमीटर असेल तर सायकल मागे पाच दातेरी चकत्यांच्या काळाची, १२६ असेल तर सहाच्या. हबच्या लॉकनटवरही साल कोरलेलं असतं. तिथे ७५-७६ निघालं तर चाकं आणि गिअर पहिल्यापासून एकत्र असावेत. सीटचा दांडा निघत असेल तर त्याची जाडी बघा. २७.२ आली तर नळ्या हलक्या, चांगल्या प्रतीच्या कोलंबस या इटालियन नळी-कंपनीच्या असण्याचा संभव वाढतो. दांडा निघत नसेल तर पिळू नका, ॲल्युमिनियम लोखंडात गंजून बसलेलं असतं. आणि हँडलखाली, पुढच्या तिरक्या नळीवर खालून बोट फिरवा. तिथे फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. अशा सायकलीवर एक रुपयाही घालू नका. जपून ठेवा, पण चालवू नका.

आता त्या ७२,००० चं. त्यातला रंगाचा भाग मला सगळ्यात जास्त खटकला. अशा सायकलीत मूळ रंग, मूळ स्टिकर, अगदी खरचटलेले डाग यांनाच गिऱ्हाईक पैसे देतं. शिवाय कोलंबस एसएल नळी मधोमध ०.६ मिलिमीटरची असते. कोणी ग्राइंडर नाहीतर सँडब्लास्ट मारला तर नळीच झिजेल. कारागिरानं रंग हा शब्द काढला की नमस्कार करून उठा.

दीड लाखाचा आकडा तुम्ही मागितलेल्या किमतीवरून घेतला आहे. मागायला काय, कोणीही मागतो. परदेशी लिलावाच्या साइटवर ‘विकले गेलेले’ अशी चाळणी लावून त्याच वर्षाची, त्याच नळीची सायकल बघा आणि तो आकडा मला कळवा. सुटे भाग बाहेरून मागवायचा विचार असेल तर वापरलेल्या मालाच्या आयातीवर बंधनं आहेत, आणि नव्यावर टपालखर्चासोबत सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो. आपल्या २८ × १½ च्या टायरांचा इथे उपयोग नाही, त्या रिमचा व्यास वेगळा. हायब्रिड सायकलीचे ७०० सी मिळतात, पण तुमची रिम चिकटवायच्या टायरची असेल तर तेही बसणार नाहीत.

सांगाडा सरळ निघाला तर १५,००० मध्ये बेअरिंग, ग्रीस, केबल, ब्रेकची रबरं, चेन आणि टायर एवढंच करा. जुने भाग डब्यात भरून चिठ्ठी लावून ठेवा, फेकू नका. हा खर्च गुंतवणूक म्हणून लिहू नका. वहीत ‘बाबांची सायकल’ असं वेगळं खातं काढा आणि परताव्याची अपेक्षा तिथेच सोडा. पुढेमागे विकावीच लागली तर घरच्या वापराची वस्तू म्हणून तिच्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

आईच्या बोलण्याला मी माझ्या हिशेबात वजन दिलं आहे. ४०,००० नी तुमचं कर्ज फिटत नाही आणि मुलीचं एक वर्षही पुरं होत नाही. म्हणजे विकण्याची निकड नाही. पण सांगाडा साधा निघाला आणि आईचं मन वळलं, तर तोच ४०,००० चा भाव चांगला ठरू शकतो. म्हणून पुण्याच्या गृहस्थांना तोडू नका. त्यांना कळवा की महिनाभर थांबा, आणि तोपर्यंत बीबीचा नंबर, खाचांचं अंतर आणि लॉकनटचा फोटो मला पाठवा.