फ्रँकफर्टहून कोलोनला जाताना वाटेत ऱ्हाइनवर बोटीने जायचं आहे. मोठ्या बॅगा बरोबर असताना ट्रेन आणि बोट जोडता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये मुंबईहून फ्रँकफर्टला उतरणार, दुसऱ्या दिवशी सकाळी कोलोनला निघणार, बरोबर सत्तरीतले आई-बाबा आणि 23 किलोच्या तीन सुटकेस. वाटेत ऱ्हाइनवर थोडं अंतर बोटीने जावं अशी इच्छा आहे. हे जमतं, आणि जूनमध्ये बोटींच्या फेऱ्याही पुरेशा असतात. फक्त बोटीत कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं हे आधी ठरवा. बॅगांचं काय करायचं ते त्यावरच अवलंबून आहे.

पहिला घोळ तिकीट शोधतानाच होतो. जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये फ्रँकफर्ट–कोलोन टाकलंत की वर येतात त्या आयसीई, म्हणजे अतिजलद गाड्या. त्या 2002 साली सुरू झालेल्या हायस्पीड मार्गाने, लिंबुर्ग आणि माँटाबाउरवरून, तासाभरात पोचवतात. या मार्गावर किल्ल्यांची दरी लागतच नाही. तुम्हाला हवा आहे तो जुना, नदीकाठचा मार्ग: माइन्झ, बिंगन, कोब्लेन्झ, बॉन, कोलोन. ॲपमध्ये ‘व्हाया कोब्लेन्झ’ घाला आणि निकालात माइन्झ व बिंगन दिसतंय ना ते बघा.

बिंगन ते कोब्लेन्झ हा साधारण 65 किलोमीटरचा पट्टा 2002 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. रेल्वे दोन्ही काठांनी जाते, पण माइन्झ सोडल्यावर थेट कोब्लेन्झपर्यंत नदीवर एकही पूल नाही. चुकून समोरच्या काठावर उतरलात तर बॅगांसकट फेरीबोट पकडावी लागते. डाव्या काठावर बिंगन, बाखराख, ओबरवेझल, सांक्ट गोआर आणि बोपार्ड; उजव्या काठावर रूडेसहाइम, काउब आणि सांक्ट गोआर्सहाउझन. शेवटच्या नावाने भलेभले फसतात, कारण सांक्ट गोआर आणि सांक्ट गोआर्सहाउझन ही समोरासमोरची दोन वेगळी गावं आहेत. तुमच्या गाड्या डाव्या काठाने जातात, तेव्हा चढणं-उतरणं सगळं डाव्या काठावरच ठेवा. शिवाय उजव्या काठाच्या मार्गाचं मोठं नूतनीकरण 2026 च्या उत्तरार्धात ठरवलेलं आहे. अशा काळात गाड्यांऐवजी बस धावतात, आणि मोठ्या सुटकेस घेऊन ती बस नको.

बोट प्रवाहाबरोबर घ्या, म्हणजे बिंगनकडून कोब्लेन्झकडे. या अरुंद दरीत प्रवाहाला चांगलाच जोर असतो, त्यामुळे दोन दिशांच्या वेळांत फार फरक पडतो. बाखराख ते सांक्ट गोआर खाली जाताना सुमारे तास लागतो, वर येताना दीड. बिंगनहून कोब्लेन्झ पावणेचार तासांच्या आसपास, उलट दिशेने सहा तासांच्या घरात. आई-बाबांना पूर्ण पट्टा करायला लावू नका. बोपार्डनंतर दरी रुंदावते, किल्ले विरळ होतात आणि बसून बसून कंटाळा येतो. शिवाय कोब्लेन्झचा बोटीचा धक्का मुख्य स्टेशनपासून दोनेक किलोमीटरवर आहे, म्हणजे बॅगांसाठी टॅक्सी आलीच. बाखराख ते बोपार्ड पुरेसं आहे. नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला काउबचा छोटा किल्ला, ओबरवेझलचे बुरूज आणि 132 मीटर उंचीचा लोरेलायचा कडा, हे सगळं या पावणेदोन तासांत येतं. काउबचा किल्ला आणि लोरेलाय दोन्ही उजव्या हाताला येतात, तेव्हा वरच्या डेकवर उजव्या बाजूची बाकं धरा.

आता बॅगा. तुमच्यासाठी मी निःसंकोचपणे कोब्लेन्झचे लॉकर सुचवेन. मोठी सोय अशी की कोब्लेन्झ तुमच्या वाटेवरच आहे. सकाळी फ्रँकफर्टहून थेट कोब्लेन्झला या. गाडीप्रमाणे दीड ते दोन तास लागतात आणि वाटेत डाव्या-उजव्याची ओळखही होते (नदी बघायला उजवीकडची खिडकी घ्या). कोब्लेन्झच्या मुख्य स्टेशनवर बॅगा लॉकरमध्ये टाका आणि फक्त पाठीवरच्या सॅक घेऊन माइन्झच्या दिशेची आरबी 26 (सगळीकडे थांबणारी स्थानिक गाडी) पकडा. ती पाऊणएक तासात बाखराखला सोडते. तिथे जेवा, लाकडी चौकटींच्या घरांच्या गल्ल्या बघा, मग बोटीने बोपार्डला या. बोपार्डच्या धक्क्यावरून स्टेशन चालत पाच-दहा मिनिटांवर आहे आणि तिथून कोब्लेन्झ गाडीने पाव तास. बॅगा काढा आणि पुढची कोलोनची गाडी धरा; आरई 5 ला (थोडे कमी थांबे घेणारी प्रादेशिक गाडी) साधारण सव्वा तास लागतो. सकाळी आठच्या सुमारास निघालात तर संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत कोलोनला आरामात पोचता. एवढा तुकडा दोनदा रेल्वेने होतो हे खरं, पण त्या बदल्यात 69 किलो वजन दिवसभर तुमच्या हातात नसतं.

जर्मन रेल्वेचे लॉकर वेगवेगळ्या आकारांचे असतात. 28 इंची सुटकेस फक्त मोठ्या कप्प्यात बसते आणि मोठे कप्पे मोजकेच असतात. शनिवार-रविवारी उशिरा पोचलात तर ते भरलेले मिळू शकतात, म्हणून सकाळीच पोचणं महत्त्वाचं. सगळे लॉकर कार्ड घेतातच असं नाही. एक आणि दोन युरोची नाणी फ्रँकफर्टलाच जमवून ठेवा. दार बंद केल्यावर जी चिठ्ठी किंवा किल्ली मिळते, तिचा आणि लॉकरच्या नंबरचा फोटो लगेच काढा. पासपोर्ट, औषधं, पैसे आणि आई-बाबांचे स्वेटर लॉकरमध्ये जाऊ देऊ नका. जूनमध्येही चालत्या बोटीच्या वरच्या डेकवर वारा बोचतो.

मोठे कप्पे भरलेलेच निघाले, किंवा कोब्लेन्झची उलटफेरी नकोच असेल, तर बॅगा बोटीवर नेता येतात. या पट्ट्यात नियमित फेऱ्या करणारी मोठी कंपनी म्हणजे केडी. तिच्या बोटीवर बॅगेचं वेगळं तिकीट पडत नाही, पण सामानाची खोली किंवा लॉकरही नसतो. बॅगा खालच्या डेकवर जिन्याजवळ किंवा भिंतीलगत ठेवायच्या, आपल्या जबाबदारीवर. सुटकेस घेऊन अरुंद जिन्याने वर जाऊ नका. एकाने खाली बॅगांपाशी बसावं आणि अर्ध्या वाटेवर अदलाबदल करावी. खालच्या मजल्यावर काचेच्या खिडक्या असतात, तेव्हा खाली बसणाऱ्याचंही फारसं काही हुकत नाही.

बॅगा घेऊन निघणार असाल तर बाखराखऐवजी बिंगनला चढा, म्हणजे एक गाडी वाचते. पण बिंगनला दोन स्टेशनं आहेत. ‘बिंगन हाउप्टबानहोफ’ म्हणजे मुख्य स्टेशन गावाच्या पश्चिमेला, नाहे नदीच्या पलीकडे आहे. बोटीचे धक्के ‘बिंगन श्टाट’ या छोट्या स्टेशनाजवळ आहेत. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मुख्य स्टेशनलाच थांबतात. तिथे उतरलात तर दोनेक किलोमीटर बॅगा ओढत जावं लागेल. माइन्झहून सगळीकडे थांबणारी गाडी घ्या आणि ‘श्टाट’ला उतरा. नदीकाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे धक्के ओळीने आहेत, तेव्हा तिकिटावरचं नाव आणि धक्क्यावरची पाटी जुळवून बघा.

दमछाक होते ती धक्क्यावर. धक्का म्हणजे किनाऱ्याजवळ बांधून ठेवलेला तरंगता तराफा, आणि काठापासून तिथपर्यंत एक लोखंडी पूल. तराफा पाण्याबरोबर वरखाली होतो, म्हणून पाणी कमी असलं की पुलाचा उतार वाढतो. पुलाच्या पत्र्यावर पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या असतात. चार चाकांची सुटकेस त्यांवर अडते आणि मध्येच आडवी फिरते. ती तिरकी करून दोनच चाकांवर घ्या, आणि उतारावर एका वेळी एकच बॅग न्या. तराफ्यावरून बोटीत जायला एक छोटी फळी टाकतात, तिथे पायरीएवढा उंबरा असू शकतो. आई-बाबांना रिकाम्या हातांनी आधी पुढे पाठवा.

मधल्या गावांत बोट दोन-तीन मिनिटंच थांबते. लोकांचा अंदाज चुकतो तो इथेच: घोषणा झाल्यावर वरच्या डेकवरून उठायचं, गर्दीतून जिना उतरायचा आणि मग बॅगा शोधायच्या, तोवर दोर सुटलेला असतो. आधीचं गाव मागे पडलं की खाली येऊन बॅगांपाशी उभे राहा. बोपार्डसाठी खूण म्हणजे काठावरचे किलोमीटरचे पांढरे फलक. ऱ्हाइनचे किलोमीटर प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात: बाखराख 543 च्या आसपास, सांक्ट गोआर 556, बोपार्ड 570. फलकावर 567 दिसलं की उठा.

उतरल्यावरही एक अडचण असते. छोट्या स्टेशनांवर दुसऱ्या फलाटावर जायला भुयारी मार्ग असतो, आणि तिथे लिफ्ट नाही असंच गृहीत धरा. गावांतल्या दगडी फरशांवर स्वस्तातल्या बॅगेची चाकं निखळतात. म्हणून बॅगा बरोबर असतील तर बाखराख किंवा ओबरवेझलला मध्ये उतरून फिरण्याचा मोह टाळा. बिंगनला चढा ते थेट बोपार्डला उतरा, सुमारे सव्वादोन तास. पण 23 किलोच्या तीन बॅगा आणि उचलू शकणारे दोनच जण असतील, तर हा मार्ग नको. लॉकर मिळाले नाहीत तर त्या दिवशी सरळ गाडीने कोलोनला जा, हॉटेलात बॅगा टाका आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातांनी परत या. कोलोनच्या मुख्य स्टेशनवर बॅग यंत्रात सरकवली की आपोआप तळघरात जाऊन साठवली जाते, अशी सोयही आहे.

तिकिटांचं बघा. बोटीला आरक्षण लागत नाही. धक्क्यावरच्या खिडकीवर किंवा बोटीवर तिकीट मिळतं आणि ते अंतरावर ठरतं, म्हणून दोन गावांमधलंच घ्या. युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा रेल्वे पास) असेल तर केडी 20 टक्के सवलत देते. पास खिडकीवर आधी दाखवा. डॉइचलांड-तिकीट हे जर्मनीभर चालणारं मासिक तिकीट (जानेवारी 2026 पासून महिना 63 युरो) सगळ्या आरबी आणि आरई गाड्यांना चालतं, पण बोटीला, आयसीईला किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करावं लागतं. भारतात परतल्यावर पुढच्या महिन्याचे पैसे कापले गेल्याची तक्रार बहुतेक इथूनच येते. ते घेणार नसाल तर कोब्लेन्झ–बाखराख आणि बोपार्ड–कोब्लेन्झ या तुकड्यांसाठी राइनलांड-फाल्झ तिकीट (त्या राज्याचं एका दिवसाचं तिकीट) घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं.

कोब्लेन्झ–कोलोनसाठी ‘श्पारप्राइस’ हे स्वस्त तिकीट मात्र काढू नका. ते ठरावीक गाडीलाच चालतं, आणि बोटीला उशीर होऊन गाडी चुकली तर पैसे गेले. बोटीला उशीर झाला म्हणून रेल्वे काहीही भरपाई देत नाही, कारण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आरई गाडीचं साधं तिकीट घ्या. बोपार्डलाही बोट आणि गाडी यांत निदान 40 मिनिटं ठेवा. गाड्या तासाला दोनेक असतात, तेव्हा एक चुकली तरी फार वाट बघावी लागत नाही.

शेवटी पाणी. निघायच्या आदल्या दिवशी ‘पेगेल काउब’, म्हणजे काउबची पाणीपातळी, नेटवर बघा. या पट्ट्यातलं सगळ्यात उथळ पात्र तिथे आहे आणि सगळी बोटवाहतूक त्या आकड्याकडे डोळे लावून असते. हा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. काउबला 78 सेंटीमीटर दिसत असेल तेव्हा बोटींच्या वाटेवर सुमारे 1.90 मीटर पाणी असतं. ऑक्टोबर 2018 च्या दुष्काळात हा आकडा 25 पर्यंत उतरला होता. पाणी फार उतरलं की काही धक्क्यांवर बोट लागत नाही. उलट पूर येऊन इशाऱ्याची दुसरी खूण ओलांडली की सगळी वाहतूकच थांबते. जूनमध्ये दोन्ही टोकं क्वचित गाठली जातात, पण कंपनीच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचे बंद धक्के दिलेले असतात, ते सकाळी निघण्यापूर्वी बघून घ्या. बाखराखला बोट लागत नसेल तर सांक्ट गोआरचा धक्का चालू आहे का बघा, तिथून चढा आणि लोरेलायचा कडा गाडीच्या खिडकीतून बघा. सकाळी फ्रँकफर्टहून कोब्लेन्झला येताना तो ओबरवेझलनंतर उजव्या हाताला, नदीपलीकडे येतो.