वाचकांचे प्रश्न: सगळी जमीन एक, मग रेल्वेही एकच?

गेल्या अंकात पॅंजियाबद्दल लिहिलं होतं. साधारण 33 कोटी वर्षांपूर्वी जुळून आलेला, 20 कोटी वर्षांपूर्वीपासून फुटत गेलेला आणि पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन पोटात घेऊन बसलेला महाखंड. त्यावर पत्रं भरपूर आली आणि निम्म्या पत्रांत एकच खूळ: या खंडावर रेल्वे टाकायची तर? खूळ चांगलं आहे, म्हणून हे पान त्यालाच दिलंय. हिशेबाला भारतीय ब्रॉडगेजचे आकडे धरलेत (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ब्रॉडगेज म्हणजे आपलं रुंद गेज).

प्र. पॅंजियावर आपला बेळगाव जिल्हा कुठे होता? स्टेशनला जागा कुठे बघायची? (विद्यार्थिनी, गोकाक)

दक्षिण गोलार्धात. एका अंगाला आफ्रिका आणि मादागास्कर, दुसऱ्या अंगाला अंटार्क्टिका. म्हणजे गोव्याचा समुद्र नाही आणि सह्याद्रीचा कडाही नाही. चिकोडी-अथणीकडचा काळा पाषाणसुद्धा नाही, कारण तो लाव्हा वाहिला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, महाखंड फुटून गेल्यावर. तुमच्या धबधब्याचा खडक मात्र पॅंजियाच्याही कितीतरी आधीचा, त्यामुळे पाया गोकाकलाच धरा.

काळा पाषाण नाही म्हणजे काळी मातीही नाही, आणि रेल्वेवाल्यांना याचा आनंदच व्हावा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर टाकलेली खडी तिच्यात रुतत जाते आणि रूळ वरखाली होतो. म्हणून अशा जमिनीवर भराव आणि खडी यांच्यामध्ये चांगल्या मुरमाचा जाड थर द्यावा लागतो.

प्र. समुद्र आडवा नाही, म्हणजे काम सोपंच की! मग अडचण कुठं येईल? (वाचक, खानापूर)

अडचण नेमकी समुद्र नसण्यातच आहे. रूळ, सिमेंट, इंजिनं हे सगळं जड सामान स्वस्तात पोचतं ते जहाजानं. बंदरावर उतरवायचं आणि तिथून आत रूळ टाकत जायचं, अशीच जगातली मोठी कामं झाली. अमेरिकेचा पहिला खंडपार मार्ग 1869 मध्ये जुळला, तेव्हा पश्चिमेकडून काम करणाऱ्या कंपनीचे रूळ दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जहाजानं आले होते. ऑस्ट्रेलियातला नलारबॉर मैदानावरचा मार्ग 1912 ते 1917 या काळात दोन्ही टोकांकडून टाकत आणून मध्ये जोडला. महाखंडाच्या पोटात बंदर नाही. तिथे लागणारा प्रत्येक स्लीपर (रुळांखालचा आडवा ठोकळा) आधी टाकलेल्या रुळावरूनच न्यायचा.

आता वजनं बघू. 60 किलोचा रूळ म्हणजे मीटरला 60 किलो, दोन्ही बाजू मिळून किलोमीटरला 120 टन. स्लीपर 1,660, प्रत्येकी पावणेतीनशे किलोच्या घरात, म्हणजे साडेचारशे टन. खडी मात्र सुमारे 2,000 घनमीटर, वजनात 3,000 टन! रूळ आणि स्लीपर मिळून दहा-अकरा वॅगनांत मावतात, खडीला पन्नास वॅगनांची अख्खी मालगाडी लागते.

समजा काम किनाऱ्यापासून 5,000 कि.मी. आत पोचलंय आणि दिवसाला एक किलोमीटर रूळ पडतोय. मालगाडीची सरासरी ताशी 25 कि.मी. धरली तर जायला आठ दिवस, यायला आठ, भरणं-उतरवणं दोन. खडीची गाडी रोज एक पोचवायची तर 18 गाड्या सतत फेऱ्यात पाहिजेत. रूळ-स्लीपरच्या गाडीत मात्र पाच-सहा दिवसांचा माल येतो, त्यासाठी तीन-चार गाड्या पुरतात. म्हणून अशा कामात पहिलं पथक पुढं पाठवायचं ते खडक शोधायला. दर शंभरेक किलोमीटरवर ग्रॅनाइट किंवा नाइस (ग्रॅनाइटसारखाच एक कठीण, पट्टेदार खडक) सापडला, तिथे क्रशर बसवला, 65 ते 20 मि.मी.ची खडी काढली, की त्या 18 गाड्यांचं ओझं उतरतं. वाळूचा दगड नाही चालणार. रूळ ठाकठीक करणाऱ्या यंत्राच्या ठोक्यांनी त्याचा चुरा होतो, चुऱ्यानं पाणी तुंबतं, आणि मग गाडी गेली की स्लीपरखालून चिखल पिचकारीसारखा उडतो.

रूळ कारखान्यातून 13 मीटरचे येतात. असे 20 जोडून 260 मीटरचा एक पट्टा करायचा, तो पट्ट्यानंच न्यायचा आणि जागेवर पुढचं वेल्डिंग करायचं. सुटे तुकडे नेऊन वाळवंटात सगळे सांधे जोडत बसलात तर तेवढेच कच्चे सांधे पदरात पडतील.

प्र. गेज कुठलं ठेवायचं? (रेल्वेतून निवृत्त वाचक, लोंढा)

हा प्रश्न तुमच्याकडूनच यायला हवा होता. मिरजेला एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेजं एका ठिकाणी भेटत. बेळगावकडून मीटरगेजनं आलेलं पोतं मिरजेत हमालांच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या डब्यात जायचं. मिरज-लोंढा मार्ग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला तेव्हा ते थांबलं.

जमीन एक झाली म्हणून गेज आपोआप एक होत नाही. आजही युरोप ते चीन सलग जमीन आहे, तरी 1,435 मि.मी. आणि रशियाकडचं 1,520 मि.मी. यांच्या सीमेवर गाडी अडते. बेलारूसमधल्या ब्रेस्टला आणि कझाकस्तान-चीन सीमेवर एक तर कंटेनर क्रेननं उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवतात, नाही तर डबा जॅकवर उचलून खालची बोगी बदलतात. (बोगी म्हणजे आपण डब्याला म्हणतो ती नव्हे, डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा.) फरक फक्त 85 मि.मी.चा, चार बोटांपेक्षा थोडा जास्त. पण तो इतका कमी असल्यामुळेच पंचाईत होते, कारण दोन्ही गेजांसाठी तिसरा रूळ टाकायला मध्ये जागाच उरत नाही. आपलं 1,676 आणि मीटरगेज यांत ती जागा होती.

आमचं मत विचाराल तर 1,435. आपलं रुंद गेज डब्याला जास्त जागा देतं हे खरं, पण जगातले निम्म्याहून जास्त रूळ 1,435 चे आहेत आणि यंत्रसामग्री त्याचीच तयार मिळते. मात्र गेजइतकंच कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारा आकडा), ब्रेकच्या हवेचा दाब आणि डब्याची कमाल उंची-रुंदी हेही पहिल्याच दिवशी ठरवा. रूळ जुळला आणि कपलिंग जुळलं नाही तर गाडी तिथंच उभी.

प्र. मधल्या वाळवंटात रूळ वितळणार नाहीत? (वाचक, बेळगाव)

वितळणार नाहीत, पण वाकतील. समुद्रापासून जितकं आत जावं तितका उन्हाळा-हिवाळ्यातला फरक वाढतो. रूळ थंडीत उणे 20 आणि उन्हात 65 अंशांवर जातो असं धरू. मोकळा सोडलेला एक किलोमीटर रूळ एवढ्या फरकात जवळजवळ एक मीटर लांबेल. पण जोडरूळ (वेल्डिंगनं सलग केलेला रूळ) मोकळा नसतो, स्लीपर आणि खडीनं तो आवळून धरलेला असतो. मग लांबी वाढायच्या ऐवजी आत जोर साठतो: 60 किलोच्या रुळात दर अंशाला सुमारे 1.9 टन. रूळ 30 अंशांवर ताणमुक्त करून (म्हणजे त्या तापमानाला आत ना दाब, ना ताण) बसवला असेल तर भर उन्हात सुमारे 65 टनांचा दाब आणि कडक थंडीत सुमारे 93 टनांचा ताण. दाबानं रूळ सापासारखा वळतो, ताणानं वेल्ड तुटतो.

ताणमुक्त तापमान थोडं चढं ठेवतात ते यासाठीच. तुटलेला रूळ ट्रॅक सर्किटमुळे (रुळांतून सोडलेल्या विजेच्या प्रवाहामुळे) बहुधा सिग्नलवर कळतो. वाकलेला सलगच राहतो, म्हणून सिग्नल हिरवा तो हिरवाच. घात होतो तो बहुतेक माणसांच्या हातून: दुपारच्या उन्हात खडी उकरणं, स्लीपरच्या टोकाकडची खडी ओढून नेणं, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या क्लिपा ढिल्या ठेवणं. खडी हलवली की ती पुन्हा बसेपर्यंत गाड्यांचा वेग कमी ठेवायचा, यात तडजोड नाही.

प्र. कॅसलरॉकसारखा घाट लागला तर? (वाचक, लोंढा)

लागेलच. पॅंजियाच्या मधोमध जी रांग होती तिचे तुकडे आज अमेरिकेतला अ‍ॅपलेशियन आणि स्कॉटलंडचे डोंगर म्हणून उरलेत. उंचीला ती हिमालयाच्या तोडीची असावी असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

कॅसलरॉक-कुळे घाटाचा चढ 37 ला 1. त्यावर 2,000 टनांची गाडी नुसती धरून ठेवायलाच 54 टनांचा जोर लागतो, आणि एका दणकट मालगाडी-इंजिनाचा सुरुवातीचा कमाल जोर तेवढाच. म्हणून तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात. उतरताना तर जास्त जपावं लागतं: चाकं तापतात, ब्रेक ढिले पडतात. अशा उतारावर सुटलेली गाडी चढावर घेऊन थांबवणारी कॅच साइडिंग हवीच. पैसा असेल तर वर चढूच नका, 57 कि.मी.च्या गोटहार्डसारखा पायथ्यातून बोगदा काढा.

प्र. एकेरी मार्गावर भागेल का? (शेतकरी, अथणी)

क्रॉसिंगची, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात ती, ठिकाणं किती अंतरावर, त्यावर अवलंबून. साधा हिशेब असा: दिवसाची 1,440 मिनिटं भागिले (एक टप्पा पार करायची मिनिटं अधिक सिग्नलची पाचेक मिनिटं), आणि येईल त्याचे 70 टक्के. ताशी 60 नं 15 कि.मी.चा टप्पा असेल तर दोन्ही दिशा मिळून दिवसाला 50 गाड्या. वाळवंटात माणसं ठेवायची कुठे म्हणून टप्पा 100 कि.मी.चा केलात तर दहासुद्धा नाहीत. लूप (क्रॉसिंगसाठी गाडी बाजूला घ्यायचा रूळ) रेकपेक्षा, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा, लांब पाहिजे, हे सांगायला नको. तरी जगात सगळीकडे चूक हीच होते: गाड्या लांब करतात, लूप तेवढेच राहतात.

प्र. आमच्या निपाणीला अजून रूळ आला नाही आणि तुम्ही ध्रुवापर्यंत निघालात! तिकीट काढलंच तर पोचायला किती दिवस? (वाचक, निपाणी)

टोमणा पोचला. ध्रुव ते ध्रुव सरळ 20,000 कि.मी., सरासरी ताशी 60 नं सुमारे 14 दिवस. तुलनेला मॉस्को-व्लादिवोस्तोक 9,289 कि.मी. आहे, तिला आठवडाभराच्या आत-बाहेर लागतो. वेळापत्रक एकाच घड्याळाचं ठेवा. रशियात 2018 पर्यंत सगळ्या स्टेशनांवर मॉस्कोचीच वेळ चालायची, त्यात गाड्यांचा गोंधळ कमी आणि प्रवाशांचा जास्त. डब्यातलं पाणी मात्र दिवसातून दोन-तीनदा भरावं लागेल. कोरड्या पट्ट्यात त्यासाठी आठवड्यातून ठरलेल्या टाकीगाड्या सोडायच्या आणि प्रत्येक भरणीच्या स्टेशनात एक टाकी राखीव ठेवायची, कारण टाकीगाडीही कधी तरी उशिरा येणारच.