लग्नाच्या नात्यावरचं ग्रीन कार्ड : आधी गावचे कागद

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांचा विषय एकच आहे. नवरा किंवा बायको अमेरिकेत, आणि इकडे राहिलेल्या जोडीदाराचा तिथल्या कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डचा, अर्ज. विचारणा तिकडच्या फॉर्मबद्दल जास्त दिसते; अडकतात मात्र ग्रामपंचायतीतले आणि शाळेतले कागद. म्हणून उत्तरांचा भर त्यांच्यावर आहे. शुल्काचे आकडे बदलत असतात, भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

मुलीचं लग्न नुकतंच झालं. जावई अमेरिकेचे नागरिक आहेत, पंधरा दिवसांनी परत जाणार. सुरुवात कुठून करायची?
— एक वाचक, चोपडा

जावई विमानात बसण्याआधी विवाहाची नोंदणी उरकून घ्या. लग्नपत्रिका, भटजींची चिठ्ठी आणि मांडवातले फोटो हे सगळं मिळूनही विवाह प्रमाणपत्राची जागा घेत नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली गावात ग्रामसेवक, शहरात नगरपालिका किंवा महापालिका ही नोंद करते. नमुना 'ड' मध्ये विवाहाचं ज्ञापन भरायचं, वर-वधू आणि तीन साक्षीदारांनी सह्या करायच्या, लग्न लावणाऱ्याची सही घ्यायची. मग नमुना 'ई' मध्ये प्रमाणपत्र मिळतं. वर-वधूला स्वतः हजर राहावं लागतं, म्हणूनच ही घाई. नव्वद दिवस उलटले तरी दंड भरून नोंद होते, पण तोवर जावई तिकडे गेलेले असतात आणि एका सहीसाठी पुन्हा तिकीट काढावं लागतं.

प्रमाणपत्र हातात पडलं की तिथल्या तिथे टेबलावरच वाचा. वर-वधूची नावं पासपोर्टावर आहेत त्याच स्पेलिंगने इंग्रजीत आहेत का, लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत गल्लत झाली नाही ना, हे पाहा. तिथे चूक सापडली तर लगेच दुरुस्त होते. तीच चूक सहा महिन्यांनी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत सापडली तर प्रकरण थांबतं.

पुढचा क्रम असा. जावई तिकडून पत्नीसाठीचा आय-१३० हा अर्ज करतील, ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५ (१ एप्रिल २०२४ पासूनचे दर). त्यासोबत मुलीची माहिती देणारा आय-१३०ए. त्यात मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते आणि नोकऱ्या लागतात. पुण्याचं वसतिगृह, जळगावची भाड्याची खोली, काही गाळू नका. मुलगी भारतात असल्याने त्यावर तिची सही नसली तरी चालते. अर्ज मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी शुल्क आणि कागद तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडे, जातं. तिथे ३२५ आणि १२० डॉलर असे दोन भरणे आहेत आणि ते अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच होतात. तेव्हा ते काम जावयांचं. मग मुलीने डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, कागद रंगीत स्कॅन करून चढवायचे (मागची बाजू कोरी नसेल तर तीही त्याच फाइलमध्ये), ते मान्य झाले की मुंबईची मुलाखत. सेंटरशी वर्षभर काहीच संपर्क ठेवला नाही तर प्रकरण रद्द होऊ शकतं. "थांबलंय, होईल कधीतरी" असं म्हणून बसू नका.

माझ्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, ग्रामपंचायतीच्या नोंदीत ऑगस्ट. आडनावही शाळेत 'पाटील', वडिलांच्या सातबाऱ्यावर वेगळं. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून काढलेला आहे.
— एक वाचक, यावल

एक जूनला जन्मलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. गुरुजींनी शाळेत नाव घालताना ती तारीख टाकली. मुंबईतल्या अधिकाऱ्यांपुढेही असे दाखले येतच असतात. शंका येते ती दोन कागद दोन तारखा सांगत असताना अर्जात एकीबद्दल अक्षर नसतं तेव्हा.

मार्ग दोन आहेत. ग्रामपंचायतीची नोंद जन्माच्या वेळीच झालेली असेल तर तीच खरी धरा आणि तिच्या आधारे पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. हे काम अर्ज सुरू होण्याआधीचं. पासपोर्ट दुरुस्त झाला की आय-१३०, डीएस-२६०, पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी, सगळीकडे एकच तारीख जाते. शाळेचा दाखला उरतो, त्यासाठी तारीख का वेगळी पडली हे सांगणारं आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र जोडा. दुसरा मार्ग म्हणजे पासपोर्ट तसाच ठेवून फरक प्रतिज्ञापत्राने उघड करणं. तो चालू शकतो, पण प्रश्न विचारले जातील. आमचा कौल पहिल्याला.

आडनावाचं उत्तर सोपं आहे. आय-१३० मध्ये आणि डीएस-२६० मध्ये 'वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो. शाळेतलं, सातबाऱ्यावरचं, सासरचं, जे जे कुठल्याही कागदावर आहे ते तिथे लिहा. गरज वाटली तर तहसीलमध्ये 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करा. पासपोर्टावर आडनावाचा रकाना कोरा आणि सगळं नाव एकाच ओळीत असेल तर तो आधी नीट करून घ्या. नाहीतर व्हिसावर तुमचं सगळं नाव आडनावाच्या जागी जातं, पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिलं नाव माहीत नाही) छापलं जातं, आणि तिकडे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत ते मागे लागतं.

लग्नानंतर पासपोर्टावर सासरचं नाव लावलंच पाहिजे असं काही नाही. माहेरच्या नावावर सगळी प्रक्रिया होते. नाव मध्येच बदललं की पोलीस दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. ते टाळा.

जन्माची नोंदच सापडत नाही.
— एक वाचक, शिरपूर

जिथे जन्म झाला त्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून अनुपलब्धता दाखला घ्या, म्हणजे नोंद शोधली, मिळाली नाही, असं लेखी. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. आई-वडील हयात असतील तर त्यांचीच. आज उशिरा नोंद करून नवाकोरा दाखला आणला तरी जुने पुरावे सोबत लागतातच. नोंद आहे पण बाळाच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' आहे, अशीही पत्रं आहेत. तिथे नोंदणी कार्यालयात नाव घालण्याचा अर्ज करावा.

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहायचं की दोन्ही भाषा मला येतात आणि भाषांतर पूर्ण व बिनचूक आहे. नाव, सही, पत्ता, तारीख. नोटरीची अट नाही, त्यासाठी कोणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका. गोल शिक्क्यातला मजकूर आणि समासात पेनने लिहिलेला शेरा मात्र भाषांतरात आलाच पाहिजे. वगळला जातो तो नेमका तोच.

ठरवून झालेलं लग्न, लग्नाआधी दोनदाच भेट. खरं लग्न आहे हे सिद्ध कसं करायचं? जळगावात एक एजंट 'पुराव्याची फाइल' तयार करून देतो म्हणतो.
— एक वाचक, भुसावळ

ठरवून केलेलं लग्न हा दोष धरला जात नाही. लग्नाआधी कमी भेटलात, तर लग्नानंतरचा पुरावा भरा. दोघांचं एकत्र खातं, विम्यात आणि भविष्यनिर्वाह निधीत एकमेकांचं नाव, पैसे पाठवल्याच्या नोंदी, भेटीला आल्याचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टावरचे शिक्के. मुलगी सासरी राहत असेल तर सासरच्या रेशन कार्डावर नाव चढवणं आणि आधारवर पत्ता बदलणं ही छोटी कामं फार उपयोगी पडतात, कारण ती सरकारी तारखेसह असतात.

फोटो दहा-पंधरा पुरेत. अख्खा अल्बम कोणी पाहत नाही. साखरपुडा, हळद, लग्न, नंतरचं देवदर्शन, आणि पुढच्या भेटींतले. दोन्हीकडची वडीलधारी दिसतील असे निवडा. प्रत्येकाखाली तारीख, गाव आणि कोण कोण हे लिहा. व्हॉट्सॲपचे शेकडो पानांचे संवाद नकोत, दर महिन्याचं एखादं पान आणि कॉलची यादी बस.

एजंटाचा नाद सोडा. बनावट लग्न किंवा त्याचा प्रयत्न असं एकदा ठरलं की त्या माणसासाठी पुढे कोणीही केलेला अर्ज मंजूर होत नाही, खरं लग्न झालं तरी. खऱ्या लग्नाच्या फाइलीत एक खोटी पावती घालण्याइतकं महाग दुसरं काही नाही.

जावयांचं उत्पन्न कमी आहे. आमची रावेरला केळीची बाग आहे, उत्पन्न चांगलं आहे. आम्ही हमी घेऊ शकतो का?
— एक वाचक, रावेर

नाही. आय-८६४ हे मुलीच्या तिथल्या उदरनिर्वाहाचं हमीपत्र देणारा अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो आणि त्याचं बिऱ्हाड तिथे असावं लागतं. वडिलांची बाग, गाळे, उसनवारीची ताकद, काही मोजलं जात नाही.

हिशेब असा: तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न हवं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या घराला हा आकडा २६,४३७ डॉलर होता. घरात माणसं जास्त तसा तो वाढतो आणि दरवर्षी बदलतो. समजा जावयांचं उत्पन्न २०,००० आहे. तूट ६,४३७. नागरिक नवऱ्याने तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवली, म्हणजे १९,३११ डॉलर, तर भागतं. नवरा नुसता ग्रीन कार्डधारक असेल तर पाचपट, ३२,१८५. ही मालमत्ता जावयांची किंवा खुद्द मुलीची चालते. मुलीच्या नावावरची मुदत ठेव सर्वांत सोपी. मुलीच्या नावावर सातबारा असेल तर तोही मांडता येतो, पण वर्षाच्या आत विकून पैसा मोकळा होतो हे दाखवावं लागतं. शेतजमीन आपल्याकडे सहसा शेतकऱ्यालाच विकता येते, त्यावर सोसायटीचं कर्ज असतं, आणि ते वजा करूनच किंमत धरतात. त्यापेक्षा तिकडचा एखादा नातेवाईक सहहमीदार मिळाला तर काम लवकर होतं. त्याचं उत्पन्न त्याच्या घरची माणसं अधिक तुमची मुलगी एवढ्यांना एकट्याने पुरलं पाहिजे.

सहहमीदाराला एक गोष्ट आधीच सांगा. ही हमी साधारण दहा वर्षांच्या कामाइतक्या चाळीस तिमाहींची नोंद मुलीच्या तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्यावर होईपर्यंत, किंवा ती नागरिक होईपर्यंत चालते. घटस्फोट झाला तरी सुटत नाही. भिडेखातर सही घेऊ नये.

मुलाचं हे दुसरं लग्न. पहिल्या वेळची सोडचिठ्ठी शंभराच्या स्टॅम्पवर, पंचांच्या सह्यांनी झालेली आहे.
— एक वाचक, साक्री

इथे थांबा. पहिलं लग्न कायद्याने सुटलं नसेल तर दुसरं लग्नच रद्दबातल, आणि मग बाकीची फाइल कितीही देखणी असो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने चालत आलेली काडीमोड मान्य ठेवली आहे, पण त्या समाजात अशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. नोटरी केलेला स्टॅम्प ते सिद्ध करत नाही. दिवाणी न्यायालयातून काडीमोड वैध असल्याचा हुकूमनामा घ्या. ते जमण्यासारखं नसेल तर कलम १३ब खाली संमतीने रीतसर घटस्फोट घ्या आणि त्यानंतर आत्ताच्या पत्नीशी पुन्हा लग्न करून त्याचीच नोंद करा. दुसऱ्या मार्गात लग्नाची तारीख बदलते. अर्जात नवीच तारीख जाईल. दोन्हींतलं कुठलं, हे वकिलाला कागद दाखवून ठरवा.

जावई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, 'ग्रीन कार्डच्या रांगेत' आहेत. आय-१३० भरायचा का?
— एक वाचक, अमळनेर

नाही भरता येत. रांगेत असणं आणि कार्ड हातात असणं यांत पुष्कळ अंतर आहे; सोयरीक जुळवतानाही हे नीट विचारावं. सध्या मुलगी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर जाईल आणि पुढे जावयांच्याच अर्जात तिचं नाव येईल. कार्ड मिळालेल्या माणसाने पत्नीसाठी आय-१३० केला तर तो एफ२ए या रांगेत जातो, नागरिकाच्या पत्नीला अशी रांग नाही.

मुलीकडे पर्यटक व्हिसा आहे. तोच वापरून जावं आणि तिथेच अर्ज करावा?
— एक वाचक, शहादा

राहायचा बेत मनात ठेवून 'फिरायला आले' असं विमानतळावर सांगणं म्हणजे खोटी माहिती. ती सिद्ध झाली तर कायमची बंदी, आणि त्यातून सुटका अवघड. मुंबईचीच वाट धरा.

वैद्यकीय तपासणीत एक्स-रेत डाग निघाला तर?
— एक वाचक, नवापूर

तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, गावच्या दवाखान्याचा अहवाल चालत नाही. पंधरा वर्षांवरील सगळ्यांचा छातीचा एक्स-रे काढतात. क्षयाची शंका आली तर वेगवेगळ्या तीन दिवशी थुंकीचे नमुने घेतात आणि त्यांचं कल्चर (जंतू वाढतात का ही तपासणी) पूर्ण व्हायला आठ आठवडे लागतात. पूर्वी उपचार झाले असतील तर औषधांचा कागद आणि जुना एक्स-रे सोबत न्या. लसींचे जुने कागद नेले तर त्याच लसी पुन्हा टोचाव्या लागत नाहीत. पोलीस दाखला पासपोर्ट सेवेतून काढायचा, शुल्क ५०० रुपये. सोळा वर्षांनंतर दुबई-मस्कतला वर्षभर राहिला असाल तर तिथलाही लागतो. व्हिसा हातात येण्याआधी तिकीट काढू नका.

सुनेला दोनच वर्षांचं कार्ड मिळालं. काही चुकलं का?
— एक वाचक, पारोळा

चुकलं नाही. तिकडे पाय ठेवला त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून ही शर्त काढण्याचा अर्ज, आय-७५१, भरायचा. त्याआधी भरला तर परत येतो, नंतर भरला तर दर्जा जाऊ शकतो. तेव्हा घरभाड्याचा करार, कराचं एकत्रित विवरणपत्र, दोघांच्या नावाची बिलं हे पहिल्या महिन्यापासून एका फाइलीत टाकत राहायला सांगा. घर बदललं तर दहा दिवसांत तिथल्या इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवावा लागतो, नाहीतर नोटीस जुन्याच दारावर जाते.