वाचकांचे प्रश्न : गंजलेली चासी घरीच बदलता येईल का?

प्रश्न : माझी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी ३५ वर्षांची आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम आहेत. परंतु मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे पाटा जोडणाऱ्या कडीपाशी, चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) दोनदा पत्रा जोडून वेल्डिंग करावे लागले आणि आता त्या ठिगळाशेजारीच बोट जाईल एवढे भोक पडले आहे. नवी चासी तयार मिळते. घरामागे शेड आहे, मदतीला दोन मित्र आहेत, वेल्डिंगही थोडेफार येते. पुन्हा ठिगळ लावावे, की चासीच बदलावी?

उत्तर : ठिगळाशेजारीच भोक पडले, या आपल्या एका वाक्यात निम्मे उत्तर आले आहे. अशा गाड्यांच्या चासीचे दोन लांब दांडे पत्र्याच्या बंद पेटीसारखे पोकळ असतात. चिखल आणि पाणी आत शिरते, निचऱ्याची भोके बुजतात आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना पत्रा आतून खाल्ला जातो. वेल्डिंग करताना बाहेरून आपण नीट रंग लावतो, पण उष्णतेने आतल्या बाजूचा जो काही रंग असेल तो जळून जातो आणि तिथे आपला ब्रश पोहोचत नाही. त्यामुळे पुढचा गंज नेमका ठिगळाच्या कडेला धरतो.

तरीही निर्णय घेण्यापूर्वी एक दिवस तपासणीसाठी द्यावा. छोट्या हातोडीने दांड्यावर वीतभर अंतराने ठोके द्यावेत. चांगला पत्रा खणखणतो, खराब पत्रा बद्द वाजतो आणि आतून पोपडे गळाल्याची खरखर ऐकू येते. शंका असेल तिथे जुना स्क्रू-ड्रायव्हर जोर लावून टोचून पाहावा. दांड्याची वरची बाजू आणि इंधनाच्या टाकीमागचा भाग मात्र विसरू नये, कारण चिखल साठतो तिथे आणि नजर जात नाही तीही तिथेच. खराबी फक्त मागच्या आडव्या पट्टीत, म्हणजे क्रॉस मेंबरमध्ये असेल, तर तेवढाच भाग बदलावा. संपूर्ण गाडी उघडण्याची हौस तेव्हा आवरलेली बरी. पाटे, स्टिअरिंग बॉक्स किंवा इंजिन ज्या ठिकाणी बसते तिथले दांडेच गेले असतील, तर मात्र तिसरे ठिगळ म्हणजे पुढच्या ठिगळाची तयारी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चासी बदलण्याचे ठरल्यास पहिले काम पान्याचे नाही, कागदाचे आहे. बहुतेक गाड्यांच्या ओळखीचा क्रमांक चासीवरच ठोकलेला असतो. नव्या चासीवर तो कसा आणि कोणी उमटवायचा, याची लेखी परवानगी नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडून आधी घ्यावी. स्वतःच्या हाताने क्रमांक ठोकू नये आणि हे प्रकरण मिटेपर्यंत जुन्या चासीचा क्रमांक असलेला भाग भंगारात देऊ नये.

नवी चासी आली की तिला लगेच रंग देऊ नका. चारही बाजूंच्या ठरावीक भोकांमधले कर्ण टेपने मोजा. दोन्ही कर्ण जुळले नाहीत, तर चासी वाकडी आहे. तसेच प्रत्येक आट्याच्या भोकातून योग्य मापाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) आताच फिरवून घ्या. इंजिन साखळीला लटकत असताना बोल्ट आट्यात शिरत नाही, हे लक्षात येणे फार त्रासाचे असते.

उघडण्याच्या कामात सर्वांना बॉडी उचलण्याची धास्ती वाटते. प्रत्यक्षात दिवस खातात ते गंजलेले बोल्ट. त्यांच्यावर आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारे तेल मारत राहावे. तरीही न सुटणारा बोल्ट सरळ ग्राइंडरने कापावा, कारण चासी टाकूनच द्यायची आहे आणि तिच्यावर दयामाया दाखवण्याचे कारण नाही. इंधनाची टाकी रिकामी करून गाडीपासून दूर नेल्याशिवाय आणि बॅटरी सोडल्याशिवाय ग्राइंडर किंवा गॅसचा बर्नर हाती घेऊ नये. प्रत्येक जोडाचे सोडण्यापूर्वी तीन बाजूंनी फोटो काढावेत आणि त्या जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, जागेचे नाव लिहून ठेवावेत. आज सर्व पाठ आहे असे वाटते. तीन महिन्यांनी एकच वायसर हातात धरून माणूस अर्धा तास उभा राहतो.

बॉडी अखंड उचलायची असेल आणि दारांखालचा पत्राही कमजोर झाला असेल, तर दारांच्या चौकटींत आधी आडवे टेकू वेल्ड करून घ्यावेत. नाहीतर उचलताना बॉडी मधोमध वाकते आणि नंतर एकही दार नीट लागत नाही. उचललेली बॉडी भक्कम लाकडी ओंडक्यांवर किंवा घोड्यांवर (पायांच्या स्टँडवर) टेकवावी. केवळ जॅकवर किंवा साखळीवर तोललेल्या वजनाखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. आपल्या गाडीला पाटे आहेत. कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत दाबलेली स्प्रिंग सुटून जीवघेणी उसळते, म्हणून तिचा दाब आधी सावकाश उतरवावा लागतो.

जोडताना पाटे आणि एक्सल आधी बसवून चासी चाकांवर उभी करावी, म्हणजे पुढचे जड काम ढकलत नेता येते. पाट्यांचे रबरी बुश (बोल्टभोवतीची रबरी नळी) असलेले बोल्ट मात्र या वेळी हातानेच बसवून ठेवावेत आणि गाडीचे पूर्ण वजन चाकांवर आल्यानंतरच आवळावेत. एक्सल लोंबकळत असताना आवळले, तर वजन येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश लवकर फाटतात. ब्रेकचे जुने नळ काटकसर म्हणून परत वापरू नयेत. बॉडीचे बोल्टही दारांच्या फटी जुळवून, लागतील तिथे पातळ चकत्या घालून, सर्वांत शेवटी घट्ट करावेत. पहिली फेरी मोकळ्या जागेत, अगदी कमी वेगाने घ्यावी आणि स्टिअरिंग व ब्रेक जाणकार मेकॅनिकला दाखवल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये.

प्रश्न : रंगवलेली चासी घ्यावी, की जस्ताचा मुलामा दिलेली? माझ्या लँड रोव्हरची बॉडी अजूनही चांगली आहे, चासी मात्र संपली आहे.

उत्तर : १९४८ साली ही गाडी बाजारात आली, तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडीसाठी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला गेला आणि चासी पोलादाचीच राहिली. बॉडी टिकते आणि चासी जाते, हे त्यामुळेच.

आपण पुष्कळ वर्षे गाडी ठेवणार असाल, तर मुलामा दिलेलीच घ्यावी. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात चासी बुडवली जाते, त्यामुळे रंगाचा ब्रश जिथे कधीच पोहोचत नाही त्या पोकळीच्या आतही थर बसतो. किरकोळ ओरखडा पडला, तरी आजूबाजूचे जस्त आधी झिजते आणि पोलाद वाचते. मात्र या उष्णतेने चासीला बाक येऊ शकतो, म्हणून कर्ण मुलाम्यानंतरच मोजावेत. जादा कडी, पट्टी जे काही वेल्ड करायचे असेल, ते मुलाम्यापूर्वी करून घ्यावे. जस्तावर वेल्डिंग केल्यास निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. रंगवलेली चासी घेतल्यास पोकळीत मेणयुक्त गंजरोधक लांब नळीने फवारावे आणि निचऱ्याची भोके त्याने बुजणार नाहीत, हे पाहावे. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकतात तिथे रबराची किंवा प्लॅस्टिकची चकती हवीच. ओलाव्यात या दोन धातूंच्या संगतीत ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

प्रश्न : चासी बदलून गाडी जोडली. बॅटरी नवी असूनही स्टार्टर जेमतेम फिरतो आणि ॲक्सिलरेटरची केबल तापते. दोष कुठे असेल?

उत्तर : हा दोष मी स्वतः करून बसलो आहे, म्हणून लगेच ओळखीचा वाटला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. दोघांना जोडते ती तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी. ती राहून गेली, किंवा नव्या रंगावरच बोल्ट आवळली, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीची वाट शोधत बारीक केबलमधून जातो. माझ्या केबलच्या आवरणातून धूर निघाला, तेव्हा कुठे कोपऱ्यातल्या पिशवीत राहिलेली पट्टी आठवली. स्टार्टर पुन्हा फिरवू नका. बॅटरी सोडा, पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग घासून स्वच्छ धातू उघडा करा, पट्टी आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. बॅटरीची चासीला जाणारी तारही अशीच तपासा. तापलेली केबल आतून चिकटू लागते आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहू शकतो, म्हणून ती बदलूनच टाका.